मुलांना युरोपियन युनियन समजावून सांगताना

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही जर्मनीतल्या आखनला राहता. धाकटा आठ वर्षांचा, मोठी बारा वर्षांची. जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या सीमा जिथे मिळतात तो व्हाल्स या डच गावाच्या टेकडीवरचा दगड बघायला गेलात, तेव्हा धाकट्याने तिन्ही देशांत उड्या मारून विचारलं, "पोलीस नाहीत, पैसे तेच, म्हणजे हा एकच देश ना? मग फुटबॉलच्या टीम वेगळ्या का?" तुम्ही म्हणालात, "आपल्याकडे महाराष्ट्र-गुजरात आहे ना, तसंच." मोठीने ते शाळेत सांगितलं, तर बाई म्हणाल्या की तसं नाही. आता ९ मेला, युरोप दिनाच्या निमित्ताने, तिला वर्गात बोलायचंय, आणि तुम्हाला एखादा चांगला तक्ता किंवा व्हिडिओ हवाय.

मी आधी पुण्यात आणि गेली बरीच वर्षं नेदरलँड्समध्ये शाळेत इतिहास-भूगोल शिकवते आहे. माझ्या वर्गात पोलिश, तुर्की, डच, तामिळ, मराठी अशी सगळी मुलं असतात, आणि हा विषय दरवर्षी येतो. माझा अनुभव असा की मुलं माहितीअभावी अडत नाहीत. २७ देश, बारा तारे, ब्रसेल्स हे त्यांना दोन दिवसांत पाठ होतं. अडतात ती वेगळ्याच ठिकाणी. त्यांच्या डोक्यात देश नावाचा एक खण असतो, आणि ही गोष्ट त्यात धड बसतही नाही आणि धड बाहेरही राहत नाही. तुमच्या मुलाचा फुटबॉलचा प्रश्न नेमका तिथेच बोट ठेवतो. म्हणून मी व्याख्येने सुरुवात करत नाही. "हे कोणी ठरवलं?" या एकाच प्रश्नाने करते आणि शेवटपर्यंत तोच धरून ठेवते. काही गोष्टी या देशांनी मिळून ठरवायचं कबूल केलंय, बाकीच्या प्रत्येकजण आपापल्या घरी ठरवतो. कुठली गोष्ट कुठल्या बाजूला पडते हे मुलाला ओळखता यायला लागलं की निम्म्याहून जास्त काम झालं.

किती सांगायचं हे अर्थात परिस्थितीवर आहे. आठ वर्षांच्या मुलाला युनियनच्या आयोग आणि परिषद या संस्थांतला फरक सांगून काही मिळत नाही. तुम्ही सीमेवर राहता हे तुमचं भाग्य, कारण तुमच्याकडे दाखवायला सगळं पायी जाण्याच्या अंतरावर आहे. म्युनिकच्या किंवा डब्लिनच्या घरात हेच वेगळ्या वाटेने करावं लागेल. आणि मुलांचे पासपोर्ट कुठले आहेत यावरही पुष्कळ अवलंबून आहे. त्याबद्दल पुढे लिहिते, कारण तो भाग आपल्या घरांमध्ये बहुतेक वेळा बोललाच जात नाही.

आधी महाराष्ट्र-गुजरात. ही तुलना टाकून देऊ नका, तिचा एक भाग फार कामाचा आहे. मुलुंड-दहिसरच्या जकात नाक्यावर ट्रकच्या रांगा लागायच्या, त्या तुम्हाला आठवत असतील. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. युरोपातल्या देशांनी आपापसातला सीमाशुल्क असाच काढून टाकला आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांनी मिळून एकच दर लावला. इथवर तुलना चालते. मोडते ती पुढे. महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्यं १ मे १९६० ला झाली, ती संसदेने केलेल्या कायद्याने. आपली संसद राज्याची सीमा बदलू शकते, नवं राज्य करू शकते. युरोपियन संसद जर्मनीची सीमा एक वीतही हलवू शकत नाही. तिथे उलटं आहे: देश आधीपासून होते, त्यांनी करार करून युनियन उभी केली, आणि जे अधिकार करारात दिले तेवढेच तिच्याकडे आहेत. शिवाय देशाला बाहेर पडता येतं. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला पडला. मोठीला एवढे दोन मुद्दे सांगितलेत तर बाई "तसं नाही" का म्हणाल्या हे तिला स्वतःलाच कळेल. टीम वेगळ्या का, याचंही उत्तर यातच आहे: देश वेगळेच राहिलेत.

आता धाकट्यासाठी. घरातली पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली टेबलावर ठेवा. झाकण उघडलं तरी ते बाटलीपासून सुटत नाही, लटकत राहतं. मुलांना याचा राग येतो, नाकाला लागतं म्हणून, त्यामुळे विषय लगेच पेटतो. हे कोणी ठरवलं? सगळ्यांनी मिळून. सुटी झाकणं समुद्रकिनाऱ्यांवर सापडायची, म्हणून २०१९ मध्ये कायदा झाला आणि ३ जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या अशा बाटल्यांना तो लागू झाला. आता तीच बाटली फिरवून डिपॉझिटचं चिन्ह शोधायला सांगा. जर्मनीत परत केली की २५ सेंट मिळतात. हे कोणी ठरवलं? जर्मनीने, एकट्याने. व्हाल्सच्या दुकानातून छोटी बाटली घ्या, तिच्यावर १५ सेंट असतात, आणि ती आखनच्या मशीनमध्ये घातलीत तर मशीन परत ढकलतं. हे एकदा मुलाला स्वतःच्या हाताने करू द्या. बाटली एकच, झाकण सगळ्यांचं, डिपॉझिट ज्याचं त्याचं. माझ्या वर्गात यापेक्षा चांगलं चाललेलं दुसरं काही नाही.

मोठीला यात एक पायरी पुढे नेता येईल. त्याच कायद्यात असंही आहे की २०२९ पर्यंत अशा बाटल्यांपैकी ९० टक्के वेगळ्या गोळा व्हायला हव्यात. तिथे कसं पोचायचं हे त्या कायद्याने बऱ्याच अंशी देशांवर सोडलं. उद्दिष्ट एकत्र ठरवायचं आणि मार्ग आपापला शोधायचा, ही युनियनच्या कामाची अगदी नेहमीची पद्धत आहे, आणि बारा वर्षांच्या मुलीला ती बाटलीवरून चटकन समजते.

नाणी हा दुसरा सोपा रस्ता. पाकिटातली सगळी नाणी ओता आणि उलटी करा. एक बाजू सगळीकडे सारखी, दुसरी देशाची. एक युरोवर गरुड असेल तर जर्मनीचं, वीणेसारखं वाद्य असेल तर आयर्लंडचं, घुबड असेल तर ग्रीसचं, मोझार्ट असेल तर ऑस्ट्रियाचं. आखनमध्ये डच राजा आणि बेल्जियमचा राजा तुम्हाला पहिल्याच मुठीत सापडतील. नोटा मात्र सगळीकडे सारख्याच, आणि त्यांवरचे पूल आणि कमानी कल्पनेतल्या आहेत, म्हणजे कुठल्याच देशाला आपलं डावललं असं वाटायला नको. आठ वर्षांच्या मुलाला हे पटतं, कारण भावंडांत वाटणी कशी होते हे त्याला चांगलं माहीत असतं.

पण इथे एक गोंधळ होतो आणि तो वेळीच सोडवायला हवा. "पैसे तेच" आणि "पोलीस नाहीत" या दोन्ही गोष्टी युनियनपासून थोड्या वेगळ्या आहेत. डेन्मार्क युनियनमध्ये आहे, पण तिथे क्रोनच चालतात. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, तरी जर्मनीतून तिथे जाताना पासपोर्टवर शिक्का पडत नाही, कारण ते आपापसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकणाऱ्या शेंगेन करारात आहे. आयर्लंड युनियनमध्ये आहे, युरोही वापरतं, पण शेंगेनमध्ये नाही. मोठीला तीन वर्तुळं काढायला सांगा, एक युनियनचं, एक युरोचं, एक शेंगेनचं, आणि देशांच्या चिठ्ठ्या त्यात ठेवायला सांगा. २०२६ च्या जानेवारीत बल्गेरियाने युरो घेतला, त्यामुळे युरोच्या वर्तुळात आता २१ देश आहेत. शेंगेनमध्ये २९, युनियनमध्ये २७. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. कुठली चिठ्ठी कुठे आणि का, यावर तिने वाद घालावा. तुर्कस्तान तिन्हींच्या बाहेर का, हा प्रश्न माझ्या वर्गात हमखास येतो आणि त्यावर तास संपतो.

पोलिसांबद्दल आणखी एक. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोसेल नदीकाठचं गाव. जर्मनी, फ्रान्स आणि लक्झेंबर्ग तिथे एकमेकांना भिडतात. १४ जून १९८५ ला नदीतल्या बोटीवर पाच देशांनी सही केली. पण सीमा कायमच्या उघड्या झाल्यात असं मुलांना सांगू नका. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली आणि तिची मुदत वाढवत नेली. तुम्ही टेकडीवर होतात म्हणून कोणी दिसलं नाही. हायवेवर गाडी थांबवली गेली असती तर मुलाला तुमचं सगळं खोटं वाटलं असतं. करारातच अशी सोय आहे, देश ती वापरतात, आणि त्यावर भांडणंही होतात, हे आठ वर्षांच्या मुलालाही झेपतं.

आता इतिहास. इथे मला तुम्हाला आग्रहाने सांगायचंय की "दोन महायुद्धं झाली, मग सगळे मित्र झाले" असं सांगू नका. मुलांना ते खरं वाटत नाही आणि ते खरं नाहीही. त्याऐवजी खाणीची गोष्ट सांगा, आणि तुमच्या घराजवळचीच आहे. व्हाल्सच्या त्या दगडापाशी एके काळी तीन नव्हे, चार प्रदेश मिळायचे. १८१६ मध्ये प्रशिया हे तेव्हाचं जर्मन राज्य आणि नेदरलँड्स, दोघांनाही जवळची जस्ताची खाण हवी होती. कोणीच मागे हटेना, म्हणून खाणीभोवतीचा चिमुकला तुकडा कोणाचाच नाही असं ठरवलं. मोरेस्नेट नावाचा हा तटस्थ प्रदेश १९२० पर्यंत टिकला. तिथलं केल्मिस गाव आज बेल्जियममध्ये आहे आणि खाणीचं संग्रहालयही तिथे आहे. एखादा रविवार त्यासाठी काढा.

मग विचारा: दोघांना एकच गोष्ट हवी असेल तर किती प्रकारे सुटू शकतं? लढायचं, वाटून घ्यायचं, कोणालाच द्यायची नाही, किंवा दोघांनी मिळून चालवायची. ९ मे १९५० ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी चौथा मार्ग मांडला. कोळसा आणि पोलाद म्हणजे तोफा, रणगाडे, आगगाड्या. फ्रान्स आणि जर्मनीचं कोळसा-पोलाद एकाच सामायिक संस्थेच्या देखरेखीखाली आणलं, तर एकाला गुपचूप युद्धाची तयारी करताच येणार नाही, हा हिशोब. १९५१ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहांनी सही केली. १९५७ मध्ये रोमच्या कराराने हेच पुढे सगळ्या व्यापाराकडे नेलं.

शुमान यांचं स्वतःचं आयुष्यही मोठीला आवडेल. जन्म १८८६ चा, लक्झेंबर्गमधला. वडील फ्रान्स-जर्मनी सीमेवरच्या लोरेन प्रांताचे, आणि लोरेन १८७१ नंतर जर्मनीकडे होतं, म्हणून शुमान जर्मन नागरिक. शिक्षण जर्मन विद्यापीठांत. पहिल्या महायुद्धानंतर लोरेन फ्रान्सकडे गेलं आणि ते फ्रेंच झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांना गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, अटक केली. ज्याच्या घरावरून सीमा अशी पुढेमागे सरकली, त्याने हा प्रस्ताव मांडावा यात मला फार अर्थ दिसतो. वर्गात बोलायला तिला याहून चांगला माणूस मिळणार नाही.

निर्णय कसे होतात हे सांगायला लोक संस्थांचा तक्ता काढतात आणि मुलांचे डोळे मिटायला लागतात. मी घड्याळाची गोष्ट सांगते. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात. तुमच्या मुलांना हे आजी-आजोबांच्या फोनवरून माहीत असणार: उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. २०१८ मध्ये आयोगाने लोकांना विचारलं, हे बंद करायचं का? सेहेचाळीस लाख उत्तरं आली, त्यातली तीसेक लाख एकट्या जर्मनीतून, आणि ८४ टक्के लोकांनी बंद करा म्हटलं. आयोगाने प्रस्ताव मांडला. मार्च २०१९ मध्ये संसदेने तो मंजूर केला. तरी घड्याळं अजून बदलतातच! का? कारण तिसऱ्याची संमती लागते, सगळ्या देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेची, आणि तिथे एकमत जुळलेलं नाही. एका देशाने कायम उन्हाळी वेळ घेतली आणि शेजाऱ्याने हिवाळी, तर आखन आणि व्हाल्समध्ये एका तासाचा फरक पडेल. प्रस्ताव आयोगाचा, होकार संसदेचा आणि मंत्र्यांच्या परिषदेचा, दोघांचाही हवा. हे एकदा घड्याळावर कळलं की तक्ता वाचता येतो.

मोठी आकड्यांत रमणारी असेल तर मतदानाचा खेळ घ्या. २७ चिठ्ठ्या, प्रत्येकीवर देश आणि लोकसंख्या. परिषदेत बहुतेक कायद्यांना दोन अटी असतात: किमान ५५ टक्के देश, म्हणजे पंधरा, आणि त्या देशांत मिळून युनियनची ६५ टक्के लोकसंख्या. आता जर्मनी, फ्रान्स आणि इटली नाही म्हणाले. युनियनच्या सुमारे ४५ कोटी लोकसंख्येपैकी जवळपास निम्मी या तिघांची. उरलेल्या चोवीस देशांकडे ६५ टक्के भरतच नाहीत. मग कायदा पडला? नाही, कारण अडवायला किमान चार देश लागतात असा आणखी एक नियम आहे. तो का केला असेल हे मुलांना विचारा, तुम्ही सांगू नका. मग संसदेवर या: ७२० पैकी जर्मनीच्या ९६ जागा, माल्टाच्या सहा, आणि माल्टाची लोकसंख्या सहा लाखांच्याही आत. म्हणजे माल्टाच्या माणसाच्या मताला वजन जास्त. हे बरोबर आहे का? माझ्या वर्गात यावर दोन तट पडतात, आणि पडू द्यावेत. परराष्ट्र धोरण, कर, नवा सदस्य घेणं अशा गोष्टींना मात्र सगळ्यांचा होकार लागतो, एकाने नाही म्हटलं की थांबलं. बातम्यांत एकच देश सगळ्यांना अडवून धरताना दिसतो तो यामुळे.

आता पासपोर्टबद्दल. तुम्ही प्रश्नात लिहिलं नाहीये, पण तुमची मुलं भारतीय पासपोर्टवर असतील तर हा भाग टाळू नका. विमानतळावर त्यांचे मित्र एका रांगेत जातात आणि ती दुसऱ्या, हे त्यांना कधीच दिसलेलं असतं. शेजारचं डच कुटुंब आखनच्या महापालिका निवडणुकीत मत देतं, कारण युनियनच्या नागरिकाला राहत्या गावी तो हक्क आहे. तुम्ही तिथे तितकीच वर्षं राहून, कर भरून देऊ शकत नाही. जर्मनीत राहण्याच्या परवान्यावर तुम्ही शेंगेनमध्ये १८० दिवसांत ९० दिवस हिंडू शकता, पण उद्या नोकरीसाठी व्हाल्सला राहायला जायचं तर नवे कागद करावे लागतात. डच शेजाऱ्याला नाही. हे मुलांना शांतपणे, सरळ सांगा. युनियनचं नागरिकत्व वेगळं मिळत नाही, सदस्य देशाच्या नागरिकत्वाबरोबर येतं. तुमच्या घराचा पुढचा बेत काय, जर्मन नागरिकत्व घ्यायचं की नाही, भारताचं सोडावं लागेल त्याचं काय, हे ठरलेलं नसेल तर ठरलेलं नाही असंच सांगा. जी मुलं हा विषय फक्त तारे आणि झेंडे म्हणून शिकतात, त्यांना नंतर वाटतं की ही गोष्ट दुसऱ्यांची आहे. ज्यांच्याशी घरी हे बोललं गेलंय, ती वर्गात जास्त नेमके प्रश्न विचारतात, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे.

तुमच्या मुलीच्या भाषणासाठी माझा सल्ला: सगळं सांगायला जाऊ नये. एक बाटली घेऊन उभं राहावं, झाकण आणि डिपॉझिट दाखवावं, तिथून मोरेस्नेटच्या खाणीवर आणि शुमानवर यावं. वेळ उरला तर घड्याळ. ब्रिटनबद्दल कोणी विचारलंच तर २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडायचं ठरलं, एवढं सांगून "तुम्ही काय केलं असतं?" असं वर्गालाच विचारावं. झेंड्यावर बारा तारे का, हेही कोणीतरी विचारेलच. ते देशांची संख्या दाखवत नाहीत. झेंडा १९५५ चा, तोही आधी युरोप परिषद या वेगळ्या संस्थेचा. युनियनने नंतर तोच घेतला.

राहिला तक्ता. युनियनच्या संकेतस्थळावर मुलांसाठी 'लर्निंग कॉर्नर' नावाचा विभाग आहे, जर्मनसकट तिच्या सगळ्या २४ अधिकृत भाषांत साहित्य मिळतं, नकाशे चांगले आहेत. ते युनियनने स्वतःबद्दल केलेलं आहे हे मुलीला सांगून ठेवा, आणि जोडीला जर्मन सार्वजनिक वाहिनीवरच्या मुलांच्या बातम्या लावा, तिथे भांडणंही दाखवतात. दुकानातून भिंतीवरचा नकाशा घेणार असाल तर आधी ब्रिटन बघा. तो सदस्यांच्या रंगात असेल तर नकाशा २०२० च्या आधीचा. आणि क्रोएशिया त्या रंगात नसेल, तर २०१३ च्याही आधीचा.